फोटोच्या मागे नाव लिहा

आम्ही उमरखेड तालुक्यातल्या बचत गटांमधल्या बाया. फोटोसाठी जमतो त्या सतरा जणी. त्यातल्या तिघी आज माइकसमोर बसलो आहोत. बाकीच्या घरी रेडिओ लावून ऐकत असतील, आणि आमचं काही चुकलं तर संध्याकाळी ओट्यावर आमची हजेरी घेतील.

आज आम्ही तुम्हाला आमचे या वर्षातले आवडते फोटो दाखवणार आहोत. "रेडिओवर फोटो कसे दाखवणार गं?" असं तुम्ही म्हणाल. पण आमची रीतच अशी आहे, की फोटो समोर धरायच्या आधी तो तोंडाने सांगायचा. कुठे काढला, त्यात कोण आहे, त्या दिवशी काय झालं होतं. तेवढं तर रेडिओवर जमेलच.

आधी हे कसं सुरू झालं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत. हळदीकुंकू आटोपलं, तिळगूळ झाला, वाणाच्या वाट्या पिशवीत गेल्या आणि सगळ्यांचे मोबाईल बाहेर आले. हिचा नातू, तिच्या भाचीचं लग्न, पोळ्याचे बैल. कुणाच्या फोनमध्ये दोन हजार फोटो, कुणाच्या चार हजार, त्यातले अर्धे 'शुभ सकाळ'चे. तेवढ्यात एकीने विचारलं, "यातला एकच ठेवायचा अन् बाकीचे सगळे पुसायचे म्हटलं, तर कोणता ठेवशील?" बराच वेळ कुणाला सांगता येईना. मग ठरलं, की पुढच्या संक्रांतीला जिने तिने वर्षभरातला एक, फक्त एक आवडता फोटो आणायचा.

नियम तीनच केले. फोटो आपण स्वतः काढलेला पाहिजे. या संक्रांतीपासून त्या संक्रांतीपर्यंतचाच पाहिजे. आणि तो मोबाईलमध्ये दाखवायचा नाही, उमरखेडला स्टुडिओत कागदावर काढून आणायचा. एका फोटोला दहा-पंधरा रुपये पडतात. पैसे पडतात म्हटल्यावर माणूस विचार करून निवडतो. चौथा नियम नंतर आला. तो का आला, तेही सांगू.

पहिल्या वर्षी सतरंजीवर सतरा फोटो मांडले. सात पोराबाळांचे. चार देवाचे आणि सणाचे. तीन बैलांचे, वासरांचे. दोन फुलांचे. एक सूर्य बुडतानाचा. सगळे छान होते. आम्ही एकमेकींचं कौतुक केलं, चहा झाला. मग आमच्यातल्या सगळ्यात वडील आजी सतरंजीभोवती हळूहळू एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "यात बाई कोठी हाये वो?"

आम्ही पाहिलं. खरंच, सतरा बायांनी काढलेले सतरा फोटो, आणि एकाही फोटोत मोठी बाई नव्हती. पोरीसोरी होत्या. देवीचा मुखवटा होता. पण निंदणारी, वेचणारी, स्वयंपाक करणारी, पाणी आणणारी एकही नाही. आजी म्हणाल्या, "बाईचा फोटो तीनदाच निंघते. एक पाहाले येतात तवा, एक कागदासाठी, अन् एक हार घालाले."

त्या दिवशी आम्ही हसलो. पण ते वाक्य घरी घेऊन गेलो.

पुढे वाचनात आलं, की हे फक्त आमच्याच सतरंजीवर नव्हतं. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून कष्ट करणाऱ्या बायांचे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन गावोगावी नेलं. काम डोळ्यांना दिसतं, पण ते करणारी बाई दिसत नाही, असा त्या प्रदर्शनाच्या नावाचा अर्थ आहे. एवढ्या मोठ्या माणसाला त्यासाठी दहा राज्यं फिरावी लागली. आम्हाला तर नुसतं धुऱ्यापलीकडे पाहायचं होतं. म्हणून या वर्षासाठी ठरवलं, की फोटोत काम करणारी बाई पाहिजे. ज्यांना नाहीच जमलं त्यांनी दुसरा आणावा, पण प्रयत्न करावा.

आता या संक्रांतीचे फोटो.

पहिला फोटो कापसाचा. काढणारी आमच्यातली सगळ्यात लहान, कॉलेजात शिकते. सीतादहीच्या दिवशी ती आईबरोबर वेचणीला गेली होती. तुम्हाला सांगायला नको, सीतादही म्हणजे वेचणीचा मुहूर्त. वावरात पूजा करायची, दहीभाताचा निवद दाखवायचा आणि मग पहिलं बोंड तोडायचं. या पोरीने पूजेचे वीस फोटो काढले. पण आणला तो त्यातला नाही. आणला तो दुपारचा. आईच्या कमरेला कापसाने फुगलेली ओटी, आणि ओटीवर टेकलेले दोन हात. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडेला चिरलेले. चेहरा फोटोत नाहीच. ती म्हणाली, "रोज हे हात पाहते, पण फोटो मोठा करून पाहिला तेव्हा आईला विचारलं, दुखते का?" आई काय म्हणाली? "वेचणी संपली का बरे होतात." वेचणीची मजुरी किलोवर मिळते. कापूस हलका, तरी त्याचं वजन होतं. हाताचं कोण करणार?

दुसरा फोटो हळदीचा. आपल्याकडे आणि खाली हिंगोलीकडे हळद किती वाढली, ते तुम्हाला ठाऊक आहे. खणून झाली की शिजवायची, मग वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. आमच्या मैत्रिणीने पहाटे हळद शिजवतानाचा फोटो काढला. कुकरचं झाकण उघडलं आहे, वाफेचा ढग उठला आहे, मागून सूर्य आला आहे आणि मधे एक बाई पाटी घेऊन उभी आहे. तिचं तोंड दिसत नाही, नुसती काळी आकृती दिसते. यावर आमचं भांडणच झालं. एक म्हणाली, "तोंड नाही तर फोटो कशाचा?" काढणारी म्हणाली, "मी दोन काढले. स्क्रीनवर तोंडावर बोट ठेवलं, तर तोंड उजळलं, पण वाफ सगळी पांढरी होऊन गेली. वाफेवर बोट ठेवलं, तर वाफ आली अन् तोंड गेलं. दोन्ही एकदम मिळेना. मग विचार केला, तिथं उभं राहिलं का आपल्यालाही एकमेकींचं तोंड दिसत नाही. म्हणून हाच आणला." आम्ही दोन्ही फोटो पाहिले आणि गप्प बसलो. तुमच्या मोबाईलमध्येही हे करून पाहा. जिथे बोट ठेवाल, त्या जागेचा उजेड मोबाईल धरतो. सूर्य समोर असेल तर माणूस काळं येतं, पाठीमागे असेल तर उजळ येतं. कोणता पाहिजे ते आपण ठरवायचं.

तिसरा फोटो सोयाबीनचा. ई-पीक पाहणी तुम्हाला माहीत आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. आपल्या वावरात उभं राहून मोबाईलने पिकाचा फोटो काढायचा, तो अ‍ॅपवर टाकायचा, आणि मग पिकाची नोंद सातबारावर होते. आमच्या एका मैत्रिणीच्या घरी हे काम तीच करते, कारण नवऱ्याला अ‍ॅप जमत नाही. ती म्हणाली, "शेत त्यांच्या नावावर, अ‍ॅपमध्ये नाव त्यांचं, मोबाईलचं सिमकार्डही त्यांच्याच नावावर. बटण तेवढं मी दाबते." पिकाचा फोटो सरकारजमा झाला. मग तिने मोबाईल उलटा फिरवला आणि कमरेइतक्या सोयाबीनमध्ये उभा असलेला स्वतःचा एक फोटो काढला. डोक्यावरचा रुमाल सरकलेला, कपाळावर घाम. हाच तिचा आवडता. "पीक कोणी पाहिलं त्याचा पुरावा," असं ती हसत म्हणाली.

चौथ्यात एक नाही, दोन फोटो आहेत. पण आम्ही तो एकच धरला. पैनगंगेचा एकच घाट, एकाच दगडावर उभं राहून काढलेला. एक मे महिन्यातला, एक ऑगस्टमधला. मे महिन्यात नदीत वाळू, मधे एक खड्डा, आणि खड्ड्यातून वाटीने गुंडात पाणी भरणारी बाई. ऑगस्टमध्ये त्याच जागी गढूळ पाणी आणि पाण्यातून निघालेला बाभळीचा शेंडा. आपल्या नदीचं हे दरवर्षीचं आहे. उन्हाळ्यात इसापूर धरणाचं पाणी नदीत सोडा म्हणून दोन्ही काठांच्या लोकांना मागणी करावी लागते, आणि पावसाळ्यात तेच पाणी सोडलं की काठावरच्या वावरांत जीव मुठीत धरावा लागतो. ही मैत्रीण म्हणाली, "फोटो काही सुंदर नाही. पण मी दगडावर खडूने खूण केली आहे. दर महिन्याला तिथेच उभी राहणार." आम्हाला हे फार पटलं. एक फोटो कुणी खोटा म्हणेल. बारा महिन्यांचे बारा फोटो ग्रामसभेत मांडले तर त्यांना खोटं म्हणणं अवघड जाईल.

पाचवा फोटो जिने काढला, ती संक्रांतीला आलीच नव्हती. ती आमची तांड्यावरची मैत्रीण. दिवाळी झाली की तिचं घर ऊसतोडीला जातं, पश्चिम महाराष्ट्रात, आणि पाडव्याच्या आसपास परत येतं. तिने फोटो मोबाईलवर पाठवला, आम्ही तो स्टुडिओतून काढून आणला. रात्र आहे. ट्रॅक्टरच्या दिव्याचा उजेड आहे. तिची जाऊ डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते आहे. एक पाय फळीवर, एक हवेत. फोटो थोडा हललेला आहे. आम्ही फोन लावून तिला विचारलं, "हाच का?" ती म्हणाली, "कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या हातात, नाव त्याचं. अर्धा कोयता कसा दिसतो, ते तुम्हाला दाखवायचं होतं."

याच मैत्रिणीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. बाहेरून लोक तांड्यावर येतात, म्हाताऱ्या बायांच्या फेटिया-काचळीचे, हातातल्या बलियांचे फोटो काढतात आणि निघून जातात. "आमच्या आईचा फोटो कुठेकुठे गेला असेल," ती म्हणाली, "पण नाव कोणी विचारलं नाही. कागदावर फोटोही कोणी आणून दिला नाही."

इथे आम्हाला आमच्याच एका चुकीविषयी बोललं पाहिजे. चौथा नियम त्यातूनच आला.

पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकीने एक सुरेख फोटो काढला होता. निंदण करून थकलेली शेजारीण झाडाखाली झोपली आहे, विळा उशाशी, पदर तोंडावर. आमच्या मैत्रिणीने तो कौतुकाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. विचारलं नव्हतं. तो फोटो फिरत फिरत तिच्या सासरच्यांपर्यंत गेला. "दिवसा वावरात झोपा काढते," असं तिला ऐकावं लागलं. महिनाभर ती कुणाशी बोलली नाही. आम्ही जाऊन माफी मागितली, आमच्या फोनमधला फोटो पुसला. पण पुढे गेलेला फोटो कसा पुसणार? आज ती आमच्या गटात आहे, स्वतः फोटोही काढते. पण स्वतःचा फोटो तिने अजून कुणाला काढू दिलेला नाही, आणि आम्ही त्याचा आग्रह करत नाही.

तेव्हापासून चौथा नियम असा, की ज्या बाईचा फोटो, तिला आधी विचारायचं. काढल्यावर तिला दाखवायचा. ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचा. आणि "काढ" म्हटलं म्हणजे "सगळ्यांना पाठव" असं होत नाही. पाठवायचं ते वेगळं विचारायचं. या भाषणाबरोबर मासिकात आमचे फोटो दिसत नाहीत, त्याचं कारणही हेच. गटात दाखवायला सगळ्यांनी होकार दिला, छापायला सगळ्यांनी दिला नाही.

बाईच्या फोटोची ही भीती काही आजची नाही. आपल्या पैनगंगेच्या पलीकडे पूर्वी निजामाचं राज्य होतं. त्या राज्याची राजधानी हैदराबाद. तिथे राजा दीनदयाळ नावाचे मोठे छायाचित्रकार होते. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादला बायांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायांना परक्या पुरुषासमोर बसता येत नसे, म्हणून तिथे फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली होती. श्रीमंतांच्या लेकीसुनांची ती सोय. तरी त्यात एक शहाणपणाची गोष्ट होती. कॅमेऱ्याच्या मागे कोण आहे, यावर पुढे बसलेली बाई मोकळी होते की आखडते, हे ठरतं. तुम्हीही अनुभव घ्या. भावजयीचा फोटो दिराने काढला आणि नणंदेने काढला, यात फरक पडतो.

आणि कॅमेऱ्याच्या मागच्या बाईचं काय? भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून होमाई व्यारावाला यांचं नाव घेतात. त्यांचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयात. सुरुवातीला त्यांना एका फोटोमागे एक रुपया मिळे. आणि बऱ्याच वेळा त्यांनी काढलेले फोटो छापून येत ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने. बाई असलं काम करत असेल, हे कुणाच्या मनातच येत नसे. पुढे दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन, सायकलवर फिरत त्यांनी देश स्वतंत्र होतानाचे फोटो काढले. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर तिरंगा चढला, तोही त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं ते २०११ मध्ये, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षी. त्यानंतरच्या जानेवारीत त्या गेल्या.

ही गोष्ट आम्ही गटात वाचली तेव्हा सोयाबीनवाली मैत्रीण म्हणाली, "म्हणजे त्यांचाही सातबारा नवऱ्याच्याच नावावर होता म्हणा की!" खूप हसलो. पण त्याच दिवशी ठरलं, की आमच्या प्रत्येक फोटोच्या मागे दोन नावं लिहायची. फोटोत कोण आहे तिचं, आणि फोटो कुणी काढला तिचं.

अजून एक उदाहरण, फार लांबचं नाही. नांदेडच्या खाली, तेलंगणात, जहीराबादजवळ पस्तापूर नावाचं गाव आहे. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बाया, शेतमजुरी करणाऱ्या, बहुतेक दलित, व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. २००८ मध्ये त्यांनी स्वतःचा रेडिओ सुरू केला, संघम रेडिओ. त्यांच्या गटाला त्या संघम म्हणतात. कॅमेरा वर धरला की समोरचं माणूस लहान दिसतं, खाली धरला की मोठं दिसतं. डोळ्याच्या बरोबरीने धरला की दोघी सारख्या. त्या बरोबरीच्या चित्राला या बायांनी नाव दिलं 'संघम शॉट', कारण संघमात सगळ्या सारख्या. आम्हाला कॅमेऱ्याचं यापेक्षा सोपं शिक्षण कुठे मिळालं नाही. निंदणारीचा फोटो काढायचा तर तासात तिच्यासमोर बसा. लेकराचा काढायचा तर उकिडवं बसा. उभ्या उभ्या काढू नका.

आता शेवटचा फोटो. तो आजींचा.

त्याच आजी, ज्यांनी "यात बाई कोठी हाये" असं विचारलं होतं. त्यांच्या शेजारच्या सुनेने तो काढला. तुरीची डाळ भरडायला आजी जात्याशी बसल्या होत्या. सुनेने विचारलं, "काढू का?" आजी म्हणाल्या, "काढ माय, पण दात नाहीत ते दिसू देऊ नको." मग तोंडावर पदर घेतला. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं आणि पदर सुटला. फोटोत एक हात जात्याच्या खुंट्याला, दुसरा हवेत, डोळे मिटलेले आणि दात नसलेलं तोंड भरून हसू. सुनेने दाखवला. आम्हाला वाटलं, पुसायला लावतील. आजींनी तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाल्या, "राहू दे."

कार्तिकात आजी गेल्या.

घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता. थोरल्या मुलाने तोच स्टुडिओत दिला. मोठा केल्यावर तोंड फुटून गेलं, ओळखू येईना. तेव्हा शेजारच्या सुनेने हा फोटो नेऊन दिला. स्टुडिओवाल्याने नेहमीप्रमाणे विचारलं, साडी बदलून देऊ का, मागे ढग टाकू का, तोंड मिटवता येईल. मुलगा अडखळला. हसणाऱ्या बाईच्या फोटोला हार कसा घालायचा, लोक काय म्हणतील, असं त्याच्या मनात आलं. शेवटी आजींच्या धाकट्या बहिणीने निकाल दिला. "थे अशीच हासे वो. जातंही राहू द्या."

तो फोटो आज त्यांच्या भिंतीवर आहे, जात्यासकट. हार घातलेल्या ओळीत बाकीचे सगळे ताठ मानेने समोर पाहतात आणि आजी एकट्या हसतात. त्यांची पणती त्या फोटोला पाहून हसते, असं घरचे सांगतात. आजींचं म्हणणं खरं ठरलं, त्यांचा फोटो हार घालायलाच लागला. पण तो कागदासाठी काढलेला नव्हता, आणि तो ठेवायचा असं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. या संक्रांतीला त्या नव्हत्या, म्हणून दोरीवर त्यांच्या फोटोची एक प्रत आम्ही मधोमध लावली.

मैत्रिणींनो, हे तुम्हालाही करता येईल. त्यासाठी मोठा मोबाईल लागत नाही. आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

फोटो काढायच्या आधी मोबाईलची काच पदराने पुसा. आमचे निम्मे फोटो पिठाच्या बोटांनीच धुरकट येत होते. दुरून मोठं करून काढू नका, चार पावलं जवळ जा. भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर उजेड चांगला. घरात काढायचा तर दाराजवळ, खिडकीजवळ बसवा.

महिन्याच्या शेवटी एकदा फोन उघडून बसा आणि त्या महिन्यातले दोन-तीनच निवडा. वर्षाच्या शेवटी बारा महिन्यांच्या त्या तीसेक फोटोंमधून एक निवडणं सोपं जातं. निवडताना दुसरीला काय आवडेल याचा विचार करू नका. ज्या फोटोविषयी तुम्हाला दहा मिनिटं बोलता येईल, तो तुमचा आवडता.

आणि निवडलेला फोटो कागदावर काढून घ्याच. आमच्यातल्या एकीचा मोबाईल पाण्याच्या टाकीत पडला आणि तिच्या लेकीचं पहिलं वर्ष त्याच्यासोबत गेलं. तिच्याकडे उरला तो संक्रांतीच्या सतरंजीवर मांडलेला एकच फोटो. मागे लिहिताना बॉलपेन जोराने टेकवू नका, पुढच्या बाजूला वळ उठतो. छोट्या कागदावर लिहून तो चिकटवा. गाव, महिना, वर्ष आणि दोन नावं. नावात नुसतं "अमक्याची बायको" लिहू नका. तिचं नाव लिहा.

आमच्याकडे आता दोन वर्षांचे चौतीस फोटो एका पत्र्याच्या डब्यात आहेत. डबा दर महिन्याला एका घरी जातो, भिशीसारखा. ज्या घरी जातो तिथले पुरुषही उघडून पाहतात. मागची नावं वाचतात. एका घरी सासऱ्यांनी विचारलं, "हा फोटो आपल्या सुनेनं काढला का?" चार वर्षं ती त्या घरात आहे. तिला फोटो काढता येतो, हे त्यांना त्या कागदावरून कळलं.

तुमच्या गटाची पुढची बैठक असेल, तेव्हा हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा आणि एकीला विचारा, "यातला एकच ठेवायचा तर कोणता?" आम्ही दगडावरची खडूची खूण पाहायला आता पैनगंगेवर जाणार आहोत. महिना भरला आहे.